मावशीसकट पाच शब्द

डॉक्टरीणबाईंची स्मरणचाचणी त्यांच्याच स्वयंपाकघरात जन्मली, हे फार थोड्यांना ठाऊक होतं. नवं लग्न, एकच खोली, आणि विसरण्याचा आजार अगदी सुरुवातीलाच पकडायचा हे बाईंच्या डोक्यात शिरलेलं खूळ. एकमेकांशी संबंध नसलेले पाच सोपे शब्द हवे होते. चार बाईंनी शोधले: चमचा, खिडकी, लिंबू, घोडा. पाचवा नवऱ्याने घुसडला. त्याला लहानाचं मोठं केलं ते मावशीने, म्हणून 'मावशी'. नवरा नकाशे काढणारा, त्याचा या भानगडीशी काय संबंध. पण बायको जेवताना विचारी, दाढी करताना विचारी, आणि तो बिचारा न कुरकुरता सगळे म्हणून दाखवी.

पुढे ती चाचणी दवाखान्यादवाखान्यांत गेली. बाईंनी उमेदीची सारी वर्षं अल्झायमर, कंपवात आणि त्यांच्या भाऊबंदांमागे घालवली. तीच माणसं वर्षानुवर्षं तपासायची, ती गेली की घरच्यांच्या परवानगीने त्यांच्या मेंदूचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरायचे आणि आपलं निदान खरं होतं का ते बघायचं. चूक निघाली की बाई जेवणावरून उठत.

अशा बाईंना धाकट्या नणंदेने फोन करून सांगावं की दादाचं काहीतरी बिनसलंय, हे त्यांना झोंबलंच. तिच्याकडून परतताना तो नेहमीच्या चौकात उभा राहिला होता आणि कुठं वळायचं ते त्याला सुचेना. बाईंनी त्याच दिवशी चाचणी घेतली. पाचही शब्द आले, न अडखळता. मग त्यांनी नणंदेला चांगलं सुनावलं, की मेंदूचं मेंदूवाल्यांना बघू दे. तरी जीव थाऱ्यावर नव्हता. घरात गॅस चालू राही, नळ वाहत राही, आणि बाई काहीतरी निमित्त काढून पुन्हा शब्द विचारत. तो पैकीच्या पैकी गुण मिळवी आणि त्यांना तेवढ्यापुरतं हायसं वाटे.

एका सकाळी नव्या डॉक्टरांना शिकवताना त्या नेहमीचंच बोलल्या, "एकाच माणसाला तेच शब्द पुन्हा पुन्हा देऊ नका. ते पाठ होतात आणि आजार त्यांच्याआड लपतो." बोलून गेल्या आणि आपण घरी काय करतोय ते समोर उभं राहिलं. हे त्यांना आत्ता सुचलं होतं असं थोडंच होतं! त्या घाबरल्या होत्या, म्हणून इतके दिवस स्वतःच्याच डोळ्यांत धूळ फेकत होत्या.

वर्ग अर्धवट टाकून त्या घरी आल्या. नवरा खिडकीपाशी पेपर चाळत होता. बाई समोर बसल्या. कागद-पेन्सिल पुढ्यात ओढली.

"अहो, आज नवे शब्द. नीट ऐका. दोरी, कपाट, पेरू, ससा, आत्या."

त्याने ते लगेच म्हणून दाखवले. मग लक्ष दुसरीकडे वळावं म्हणून बाईंनी त्याला शंभरातून सात-सात वजा करायला लावले. त्यात तो गोंधळला, हसला, पुन्हा पहिल्यापासून लागला.

"आता मघाचे शब्द सांगा."

त्याने डोळे मिटले. मग चेहरा उजळला.

"चमचा, खिडकी, लिंबू, घोडा, मावशी." डोळे उघडून त्याने बायकोकडे पाहिलं. "मावशीला विसरेन होय मी? किती गुण?"

बाईंनी कागदावर शून्य लिहिलं आणि त्यावर तळहात ठेवला. आयुष्यात कुणाला अर्धा गुण उगाच दिला नव्हता त्यांनी.

"पैकीच्या पैकी," त्या म्हणाल्या.

तो खुशीत पुन्हा पेपरात शिरला. बाई आतल्या खोलीत गेल्या, दार लोटलं आणि नणंदेला फोन लावला. तिकडून "काय झालं वहिनी?" असा आवाज आला.

"तुझं खरं होतं गं," त्या म्हणाल्या. "राहायला येशील? मला एकटीला नाही जमायचं."