शाकाहारी घरातला अजगर

मी उंदीर पाळते म्हटलं की आमच्या पंचवटीतल्या शेजारणी नाक मुरडतात. भाद्रपदात याच बायका गणपतीच्या पायाशी बसलेल्या मातीच्या उंदरापुढे मोदक ठेवतात. मातीचा असला की देवाचं वाहन, हाडामासाचा असला की घूस! माझ्याकडचे उंदीर कुणीतरी दुकानातून हौसेनं विकत आणलेले असतात. हौस फिटली की लोक त्यांना वाऱ्यावर सोडतात. मी त्यांना आणते, बरं करते आणि चांगलं घर मिळालं की देऊन टाकते.

मध्यंतरी आणलेल्या दोन माद्या तर कुणी पिंजऱ्यासकट घंटागाडीत टाकल्या होत्या, ओल्या कचऱ्यात. एकीला एका डोळ्यानं दिसत नव्हतं. दुसरी कायम तिच्या त्या आंधळ्या बाजूला बसायची, जेवतानासुद्धा. या दोघींची ताटातूट करायची नाही, एवढी एकच अट मी घातली होती.

गंगापूर रोडच्या एका गृहस्थांचा फोन आला. "दोन्ही द्या ताई. आम्ही शुद्ध शाकाहारी, कांदा-लसूणसुद्धा घरात येत नाही." आपल्याकडे कांदा न खाणाऱ्यावर चटकन विश्वास ठेवायची रीत आहे. मीही ठेवला. "अंगानं भरल्यात ना?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा मला वाटलं, काळजीनं विचारतायत.

तरी घर बघितल्याशिवाय मी जनावर देत नाही. दोघींना टोपलीत घेऊन गेले. लख्ख फ्लॅट, देव्हाऱ्यात उदबत्ती, वहिनींनी आल्याचा चहा दिला. पिंजरा कुठे ठेवणार म्हणून विचारलं, तर गृहस्थ मला आतल्या खोलीत घेऊन गेले. तिथे काचेच्या पेटीत दिव्याखाली परदेशी जातीचा अजगर वेटोळं घालून पडला होता.

"आमचा बाळ," ते कौतुकानं म्हणाले. "याला ताजंच लागतं."

माझ्या हातातली टोपली मी छातीशी धरली. "अहो, गोठवलेले उंदीर मिळतात. कोमट पाण्यात ठेवून चिमट्यानं द्यायचे. सवय लावली की बहुतेक अजगर खातात."

"मेलेलं? आमच्या फ्रीजमध्ये?" ते खरोखर हादरले होते. "नैवेद्याचं दूध असतं हो त्यात! आणि मारायचं पाप आम्ही आपल्या हातानं करत नाही. निसर्गाचं निसर्ग बघतो. संकष्टीला तर आम्ही याला उंदीर देतच नाही."

माझं डोकं फिरलं. निसर्ग म्हणे! रानातल्या उंदराला पळायला बीळ असतं, दगडाची कपार असते. या चौकोनी काचेत त्यानं कुठं पळायचं? आणि अजगराच्या मानेजवळ जुन्या चाव्याचा वण होता. कोंडलेला उंदीर शेवटी चावतोच. सापाला मी कधीच बोल लावला नाही, त्याला पोट आहे. पण स्वतःचं पाप त्याच्या तोंडात घालून आपण धुतल्या तांदळासारखं राहायचं, याची मला चीड येते. मांजराचा खेळ होतो नि उंदराचा जीव जातो म्हणतात. इथं खेळ सोवळ्याचा चालला होता.

हे सगळं मी तिथेच, मोठ्या आवाजात बोलले. ते म्हणाले, "आमच्या घरात येऊन आम्हालाच शिकवता?" मी चपला घातल्या आणि बाहेर पडले.

लिफ्टची वाट बघत होते तेवढ्यात वहिनी धावत आल्या. हातात झाकण लावलेली बादली. आत काहीतरी खरवडत होतं.

"हाही घेऊन जा. उद्यासाठी आणलाय. पळाला म्हणून सांगेन मी."

बादली घेतली, पण माझा राग उतरला नव्हता. "मेलेलं फ्रीजमध्ये नको, हे ठरवलं कुणी?"

"मीच," त्या म्हणाल्या. "स्वयंपाकघर बाटेल म्हणून." मग त्यांनी मागे दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "पण आत पेटीत ते ओरडायला लागलं ना ताई, की मी मिक्सर लावते. भांडं रिकामंच असतं."