जुन्या सेलवरची गाणी

एका परदेशी बँडच्या दोन कॅसेटी आम्ही दोघं मित्र दोन वर्षं ऐकत होतो आणि त्यातला एक शब्दही आम्हाला कळत नव्हता. नव्वद सालानंतरची गोष्ट. बेल्याजवळ आमची शेतं बांधाला बांध लागून. मित्राच्या मामाचा इचोड्याला धाबा होता. तिथं कोण्या ट्रकवाल्याच्या ह्या कॅसेटी राहून गेल्या, मामानं त्या भाच्याला दिल्या. एक लाल, एक काळी.

माझ्या वडिलांनी नुसतं कव्हर पाहिलं. केस काट्यासारखे उभे केलेले चार जण. "हे घरात नाही वाजवाचं," ते म्हणाले. झालं. घरी लाइटवर त्यांची भजनं चालायची, आणि शेत राखायला गेलो की मी टेप खोपीत न्यायचो. तिथं लाइट नव्हती. नवे सेल आम्हाला कोण देतो? टॉर्चमधले उतरलेले सेल आमच्या वाट्याला यायचे. ते सकाळी पत्र्यावर उन्हात ठेवायचे आणि दुपारी टेपात घालायचे. हिंदी गाणं असं हळू, जड चाललं असतं तर सेल गेले हे लगेच कळलं असतं. ह्या गाण्यांची मूळ चाल कोणाला ठाऊक होती?

आवाज खोल, रेंगाळणारा. मित्र भजनी मंडळात पेटी वाजवायचा, त्यानं त्यावर पार शास्त्रच काढलं. "याइची गाणं कराची रीत समजली मले," तो म्हणायचा. "आंदी एकजण आपलं दुःख सांगते. मंग बाकीचे तेच घोळून घोळून म्हंतात." लाल कॅसेट लग्नाआधीची, काळी लग्नानंतरची, हेही त्यानंच ठरवलं. मला काळी जास्त आवडायची. का, ते तेव्हाही कळत नव्हतं.

त्याची आई वर्षापूर्वी गेली होती. तेव्हापासून तो आणि त्याचे वडील घरात कामापुरतंच बोलत. एक दिवस खोपीत त्यानं त्या रीतीनं केलेलं स्वतःचं गाणं म्हणून दाखवलं. आई बांधावरून जेवायला हाक मारायची, तेवढंच होतं त्यात. एक ओळ तो म्हणायचा, मग मी तीच घोळायची. यंदा गणपतीत हे बाबांसमोर म्हणायचं, असं त्यानं मनाशी धरलं होतं.

गणपतीच्या आधी मी मोटारपंपाचं सामान आणायला इचोड्याला गेलो. काळ्या कॅसेटची फीत तुटली होती, ती तिथल्या दुकानात जोडून घेतली. दुकानदारानं ती लाइटवर लावली आणि मी चक्रावलो. पातळ आवाज, नुसती आरडाओरड, आणि गाणं सुरू झालं तसं संपलंही. "भैया, आपकी मशीन तेज है," मी म्हणालो. त्यानं हिंदी गाणं लावलं, ते बरोबर चाललं. "ये पंक है," तो म्हणाला, "ये लोग ऐसेच चिल्लाते."

परतताना बसमध्ये कॅसेट मांडीवर घेऊन मी विचार करत राहिलो. मग दोन वर्षं आपल्याला आवडलं ते काय?

सांगू की नको, हे ठरेना. शेवटी सांगितलं. खऱ्या मित्रानं सांगावं म्हणून, आणि खरं तर थोडं शहाणपण मिरवायला म्हणूनही. माझे वडील बाजारात गेलेले पाहून आम्ही कॅसेट आमच्या घरी लाइटवर लावली. त्यानं पूर्ण बाजू ऐकली.

"मंग आपन काय ऐकून राह्यलो होतो, गड्या?"

"सेल," मी म्हणालो आणि हसलो. तो हसला नाही.

गणपतीत तो दुसऱ्यांच्या अभंगांना पेटी वाजवत बसला. स्वतःचं गाणं त्यानं म्हटलंच नाही. मी पुढं हो म्हणून खुणावलं तर त्यानं मान खाली घातली. त्याचे वडील समोरच बसले होते, आरती झाल्यावर उठून घरी गेले.

त्यानंतर कित्येक वेळा मी ती कॅसेट लाइटवर लावली. वाईट नाही. ते चौघं चिडलेले आहेत, घाईत आहेत, पण रडणारं त्यात कोणी नाही. उतरलेले सेल आवाज जड करतात, आईची हाक काही त्यात घालत नाहीत. ती त्याची होती, गाणंही त्याचंच होतं. त्या दिवशी टेपाजवळ बसून मी एवढंच सांगायला हवं होतं. ते मला सुचलं तेव्हा विसर्जन होऊन गेलं होतं.