झिजलेल्या कड्यावरचं फूल

मेट्रोच्या कामावरच्या पत्र्यांशेजारी झिजलेल्या पोलादी कड्यांची रास पडली होती. सगळ्यात वरच्या कड्यावर झेंडूचं ताजं फूल. मला वाटलं, जमिनीखाली बोगदा खणणारं मशीनच मोडलं. फाटकाशी चहा पीत उभ्या असलेल्या इंजिनीअर बाईंना विचारलं.

"मशीन ठणठणीत आहे," त्या म्हणाल्या. "खाली काळा कातळ लागलाय. मशीनच्या तोंडावरची ही कडीच त्याला भिडतात. झिजली की बदलायची. पोरं जुन्या कड्यावर फूल ठेवतात."

फूल मशीनला नाही, कातळाला नाही, या भंगाराला. का, ते मला नीट उमगेना.

बाबांना विसरायचा आजार झाल्यापासून आमच्या घरातही कातळ लागल्यासारखं झालंय. तिथं झिजतो तो मीच, असं मी धरून चाललो होतो.

जिन्यातच बाबांचा आरडाओरडा ऐकू आला. दार बायकोनं उघडलं. केस विस्कटलेले, मनगटावर बाबांच्या नखांचे ओरखडे.

"तुम्ही थांबा जरा इथंच," ती म्हणाली, "मी बघते."

चपला काढाव्यात की नाही, ते न कळून मी दारातच उभा राहिलो.