दारातली रांग

आमच्या चर्चमध्ये उपासना संपली की प्रत्येकजण दारातल्या रांगेतल्या सगळ्यांशी हात मिळवत जातो आणि मग तिच्याच शेवटी उभा राहतो. अशाने कुणाचाच हात सुटत नाही.

आज पाळकांनी त्रैक्य समजावलं. पिता, पुत्र, पवित्र आत्मा. तिघे असून एक, आणि मंडळीनेही तसंच असावं. नंतर रांगेतून सॅमसनभाऊंनी हात पुढे केला. समोर त्यांचा धाकटा भाऊ विजय होता, घराच्या वाटणीपासून अबोला धरलेला. तो रांग सोडून फाटकाकडे गेला.

शेजारी उभी त्यांची आई म्हणाली, "हात खाली घे, सॅमसन. गेला तो."

विजयच्या मागे मी होतो. मी तो हात धरला, 'जय ख्रिस्त' म्हणालो. रांग लगेच जुळली. इतक्या सहज जुळायला नको होती.