माळ्यावरची माती

दुसरी मोठी लढाई संपून पत्रा पुन्हा मिळू लागला, तेव्हा वडिलांनी आमचं गळकं मातीचं धाबं उतरवलं आणि घरावर पत्रे घातले. पारनेरजवळच्या आमच्या वस्तीवरचे ते पहिलेच पत्रे. वडील येणाऱ्याजाणाऱ्याला वर बघायला लावत. पण चैत्र लागला आणि दुपारी घरात बसवेना. वैशाखात धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणाला यायची होती. तिची खोली गार कशी करायची, याची सगळ्यांना काळजी लागली.

पत्र्याखाली फळ्यांचा माळा होता. त्यावर काहीतरी जाड अंथरायचं ठरलं.

"कडबा टाका," आई म्हणाली.

"मग बैलांला काय पत्रा चारू?" वडील म्हणाले.

मी पुण्याला कॉलेजात होतो, उन्हाळ्याच्या सुट्टीला घरी आलो होतो. घरात इतकं शिकणारा पहिलाच, म्हणून माझं मत विचारलं जाई आणि मला ते सांगायचा धीर होत नसे. तरी चाचरत म्हणालो, हलक्या वस्तूत हवा अडकून राहते, ती ऊन खाली येऊ देत नाही. उसाचं पाचट चालेल. मामांचा ऊस प्रवरेकाठी होता. वडिलांनी गाडी जुंपली. पाचट आलं, आम्ही दोघांनी माळा भरला, आणि दुपारचा खरंच फरक वाटू लागला.

मग बाळंतपण करायला आत्या आली. खोलीत शिरून तिनं वर पाहिलं.

"ह्ये कुनाचं डोकं?"

"पोराचं. कालिजात शिकवत्यात," वडील म्हणाले.

"बाजंखाली शेगडी ठिवावी लागती, ते न्हाई शिकवलं व्हय? वर पाचट, खाली इस्तू. बारसं करायचंय का व्हळी?"

बाळंतिणीला शेक आणि ओव्याची धुरी आमच्याकडे भर वैशाखातही चुकत नसे. ते आईच्याही ध्यानात आलं नव्हतं. ती पदराआड हसू लागली. वडील मात्र उठून परसात गेले. उतरवलेल्या धाब्याच्या पांढऱ्या मातीचा ढीग तिथेच पडून होता.

पाचट खाली उतरलं. फळ्यांवर कडुलिंबाचा पाला पसरून आम्ही तीच माती कालवून वर चढवली. ती वाळायच्या आत बहिणीला कळा येऊ नयेत, एवढंच आई देवापाशी मागत होती.

बहीण आली तेव्हा माती अजून ओलसर होती. ती दारात थांबली आणि तिनं मोठा श्वास घेतला. "घर बदललं म्हनले हुते. वास तर आपल्या धाब्याचाच हाय."

माती वाळली, आणि मग मुलगी झाली. खोली गार होती. बाजेखाली आत्याची शेगडी धगधगत होती, आणि डोक्याला फडकं बांधलेली बहीण घामानं निथळत होती.

"दादा," ती म्हणाली, "आता आत्याच्या शेगडीवर बी थोडी माती टाक."

"गप पड," आत्या म्हणाली आणि निखारे सारखे करू लागली.

बाळ शांत झोपलं होतं. वडील दारातून माळ्याकडे बघत उभे होते.