सायरन बंद होता

रोज सकाळी किल्ली घेण्याआधी मावशी ॲम्ब्युलन्सपासून चार पावलं लांब उकिडवी बसायची आणि मान वर करून गाडीकडे बघायची. बाकीचे ड्रायव्हर चहा पीत हसायचे.

"झालं का दर्शन?" कुणीतरी विचारायचं.

"झालं. लहान पोराला ही गाडी केवढी दिसते, ते तूही बघ एकदा."

एकवीस वर्षं ती ॲम्ब्युलन्स चालवत होती. काका शिवणकाम करायचे, तिचा युनिफॉर्मही तेच शिवायचे. आपली बायको वाऱ्यासारखी गाडी हाकते, असं ते येईल त्या गिऱ्हाईकाला ऐकवायचे. खरं तर ती तशी हाकत नसे. सायरन वाजत असला तरी लाल सिग्नलला ती वेग अगदी कमी करायची, दोन्हीकडे बघायची, मगच गाडी पुढे काढायची. "कायद्यानं सिग्नल ओलांडायची सवलत दिलीय, माणसाला धडकायची नाही," असं म्हणायची.

एकदा मात्र चुकली. गाडीत मागे हृदयविकाराचा झटका आलेले एक निवृत्त मास्तर होते. सायरनच्या आवाजानं ते इतके घाबरले, की नर्सनं मधली काच ठोठावली. "ताई, बंद करा तो. यांचा जीव आणखी घाबरतोय." मावशीनं सायरन बंद केला, वरचा दिवा चालू ठेवला. पुढे लांबपर्यंत रस्ता मोकळा होता. मग चौक आला, सिग्नल लाल होता, आणि सायरन पुन्हा लावायचं तिच्या लक्षातून गेलं. तिनं वेग कमी केला. पण डाव्या हाताला थांबलेल्या ट्रकच्या आडून एक सायकलवाला त्याच्या हिरव्या सिग्नलवर निघाला होता. गाडीची धडक बसून त्याचा पाय मोडला. तिनं वायरलेसवरून दुसरी गाडी बोलावली, ती येईपर्यंत नर्सनं त्याचा पाय बांधला, आणि मग मास्तरांना पोचवलं. मास्तर वाचले.

चौकशीच्या आदल्या दिवशी ॲम्ब्युलन्स केंद्राच्या प्रमुखांनी तिला बोलावून घेतलं.

"दिवा चालू होता ना? मग सायरनही चालू होता. नर्स तसंच सांगेल. नाहीतर लायसन्स जाईल तुमचं."

"आणि सायकलवाल्याचं?"

"त्याचं काय?"

"सायरन ऐकूनही तो मध्ये घुसला, असं होईल. म्हणजे पायही त्याचाच मोडला आणि चूकही त्याचीच."

"अहो बाई, पेशंटसाठीच बंद केलात ना तुम्ही?"

"बंद पेशंटसाठी केला, साहेब. लावायला विसरले ते कुणासाठी?"

घरी काका इस्त्री घेऊन बसले होते. "उद्या काय घालणार?"

"युनिफॉर्मच. अजून कुणी काढून घेतलेला नाही."

"लायसन्स गेलं तर?"

"तर बसनं फिरू. तिकीट तुम्ही काढायचं."

चौकशीत ती फार बोलली नाही. सायरन बंद होता, मीच बंद केला होता, सायकलवाल्याला सिग्नल हिरवा होता, एवढंच तिनं सांगितलं. लायसन्स सहा महिन्यांसाठी निलंबित झालं. ते सहा महिने तिनं केंद्रातल्या फोनवर काढले. कुठल्या गल्लीत गाडी वळत नाही, कुठल्या शाळेपुढे हळू घ्यायचं, हे ती ड्रायव्हरांना नकाशा न बघता सांगायची. सातव्या महिन्यात ती पुन्हा स्टिअरिंगवर बसली. निवृत्तीनंतर नव्या ड्रायव्हरांना शिकवू लागली, आणि त्या सगळ्यांकडे तिचा नंबर असायचा.

ती झोपेतच गेली. आदल्या दुपारी मी तिच्याकडे होते. एका नव्या ड्रायव्हर मुलीचा फोन आला. पेशंट आणताना तिच्या गाडीचा कुणाच्या तरी मोटारीला धक्का लागला होता आणि रिपोर्टमध्ये काय लिहावं ते तिला सुचत नव्हतं. मावशीनं सगळं ऐकून घेतलं.

"झालं तेवढंच लिही," ती म्हणाली. "आणि अक्षर जरा नीट काढ बाई, मागच्या वेळी मला एक ओळ लागली नव्हती."