शाईतले पांढरे गोल

ताई हसत होती, आणि स्लाइडवरचं पाणी तिच्या नवऱ्याच्या पाठीतून काढलेलं होतं. अजून आठवलं की अंगावर काटा येतो.

ताई म्हणजे आमच्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेतलं सगळ्यात जुनं खोड. जिभेला लगाम नाही. साहेबांना फडाफडा बोलायची आणि जेवायच्या सुट्टीत त्यांच्याच डब्यात हात घालायची. तिचा जीव मात्र एका बुरशीवर. यीस्टच्या जातकुळीतली ही बुरशी मेंदूपर्यंत पोचते. स्वतःभोवती साखरेच्या लांब साखळ्यांचा, म्हणजे पॉलिसॅकराइडचा, बुळबुळीत थर चढवते. पाठीच्या कण्यातून काढलेल्या पाण्याच्या थेंबात काळी शाई मिसळली की शाई त्या थरात शिरत नाही, आणि काळ्याकुट्ट अंधारात पांढरे गोल दिसतात. क्वचितच सापडतात. सापडले की ताई सगळ्यांना गोळा करायची.

त्या दिवशीही तिने हाका मारल्या. "या गं, डोळ्यांचं पारणं फेडून घ्या! काय कोट घातलाय एकेकाने! एवढा जाड थर मी जन्मात पाहिला नाही." नळीवर फक्त नंबर होता. शिकाऊ मुलींची रांग लागली. मीही पाहिलं, वा वा केलं.

तेवढ्यात फोन वाजला. वॉर्डातल्या नवीन नर्सला त्याच नंबरचा रिपोर्ट तातडीने हवा होता. पेशंट कामावर चक्कर येऊन पडलेला, सोबत्यांनी उचलून आणलेला, शुद्ध हरपत चाललेली. मी नाव विचारलं, आणि पायाखालची जमीनच सरकली. आमचे भाऊजी, ताईचा नवरा! सांध्यांच्या दुखण्यासाठी प्रतिकारशक्ती दाबणारं स्टेरॉइड घेणारे, महिनाभर डोकं धरून बसणारे. ताईने त्यांना चष्म्याच्या दुकानात पिटाळलं होतं, आणि आम्ही हसलो होतो. दिवसभर हेच आजार बघतो आम्ही, मेलं एकीलाही सुचू नये?

 मी ताईचा दंड धरून कानात सांगितलं.

"काहीतरीच काय! चावटपणा पुरे हं." मग तिने माझं तोंड पाहिलं.

तिने मुलींना बाजूला सारलं. तीच नळी, नवी स्लाइड, थेंब, शाई. हात जराही थरथरले नाहीत, याचीच मला धडकी भरली. देवा, या खेपेला काही दिसू नको दे, असं मी मनात म्हणत राहिले. ती बराच वेळ मायक्रोस्कोपवर वाकून होती.

"आहेत," ती म्हणाली. "जिकडेतिकडे आहेत गं."

मग तिनेच वॉर्डला फोन लावला. आवाज रोजचा, कामाचा. "बुरशी निघालीय. डॉक्टरांना सांगा, औषध लगेच सुरू करा."

नर्स इतकी मोठ्याने बोलत होती की मलाही ऐकू आलं. "अहो, औषध जड आहे, किडनीवर जातं. नातेवाइकाची सही नको का? घरचं कुणीच नाही इथे. बायको आहे म्हणतात, पण कुठे उलथलीय कोण जाणे!"

"इथे आहे," ताई म्हणाली. "आलेच मी."